शाळेतला पोलीस: अमेरिकेतल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारच्या मराठी शाळेत मी शिकवते. सप्टेंबर उजाडला, भारतातून नवी कुटुंबं आली, की बाराखडीपेक्षा शाळेतल्या पोलिसाबद्दलचेच प्रश्न जास्त येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून सगळे इथे एकत्र केले आहेत. आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे उदाहरणं इथली जास्त आहेत. कायदा राज्यागणिक बदलतो आणि मी वकील नाही, हे लक्षात ठेवूनच वाचा.

१. ताई, मुलीच्या शाळेच्या दारात कमरेला पिस्तूल लावलेला पोलीस उभा असतो. काही झालंय का?

काही झालेलं नाही. तो रोजच असतो. आपल्याकडे शाळेत पोलीस आला म्हणजे एकतर गॅदरिंगला कुणी मंत्री येणार किंवा काहीतरी भानगड, असं डोक्यात बसलेलं असतं. इथे शांत, झाडाझुडपांच्या उपनगरातल्या शाळेतही पोलीस नेमलेला असतो. त्याला स्कूल रिसोर्स ऑफिसर म्हणतात, सगळे एसआरओ म्हणतात, आणि मुलं सरळ नावाने ‘ऑफिसर अमुक’ म्हणून हाय-फाय देतात. पिस्तूल मात्र खरं असतं.

२. तो शाळेचा कर्मचारी की पोलीस?

पोलीस. शपथ घेतलेला, अटक करण्याचा पूर्ण अधिकार असलेला. गावच्या पोलीस खात्याने किंवा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेरिफने, तिथल्या पोलीसप्रमुखाने, त्याला शाळेत नेमलेलं असतं. त्याचा खर्च अनेक ठिकाणी शाळा आणि गाव वाटून घेतात. मुख्याध्यापकांबरोबर तो रोज काम करतो, पण त्याचा साहेब पोलीस ठाण्यात बसतो. पुढची अर्धी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

३. शाळेत दिसणारा प्रत्येक गणवेशवाला एसआरओच असतो का?

नाही, आणि हे विचारून घ्यावंच. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांत दिसतात ते स्कूल सेफ्टी एजंट. ते शहराच्या पोलीस खात्याचेच नोकर, पण त्यांच्याजवळ पिस्तूल नसतं. लॉस एंजेलिसच्या शाळांचं स्वतःचं वेगळं पोलीस खातं आहे. न्यू जर्सीत २०१६ च्या कायद्याने ‘क्लास थ्री’ अधिकारी आले: पोलिसातून निवृत्त झालेले, पासष्टीच्या आतले, फक्त शाळांच्या सुरक्षेसाठी नेमलेले. शिवाय खासगी सुरक्षारक्षक असतात, त्यांना पोलिसाचे अधिकार नसतात. ऑफिसात फोन करून ‘शाळेत कोण आहे, कुणाच्या नोकरीत आहे’ एवढं विचारलंत तर कुणी वावगं समजत नाही.

४. ही पद्धत आली कुठून?

मिशिगनमधल्या फ्लिंट गावात १९५० च्या दशकात पहिल्यांदा पोलीस शाळेत नेमले गेले. मुलांची पोलिसांशी ओळख व्हावी, भीती जावी, हा हेतू. संख्या खरी वाढली ती १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कुलात गोळीबार झाल्यावर. केंद्र सरकारने शाळांत पोलीस नेमायला अनुदानं दिली. म्हणजे मैत्री करायला आलेल्या माणसावर पुढे दाराची राखणही आली.

५. दिवसभर तो करतो तरी काय?

त्यांच्या प्रशिक्षणात तीन भूमिका शिकवल्या जातात: कायद्याचा अधिकारी, शिकवणारा आणि आपुलकीने सल्ला देणारा. प्रत्यक्षात सकाळी गाड्यांच्या रांगेला शिस्त लावणं (आपण पालक तिथे जे दिवे लावतो ते बघता हेच सगळ्यात अवघड काम असावं), दारं बंद आहेत का ते बघणं, पाचवीच्या मुलांना व्यसनांवर धडे देणं, जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात उभं राहणं. आमच्या धाकट्याच्या शाळेतला ऑफिसर एकट्या बसलेल्या मुलाच्या समोरच्या बाकावर नेमका जाऊन बसायचा. माझ्या मुलाने डब्यातल्या थालीपिठाचा तुकडा त्याला दिला होता. घरी येऊन म्हणाला, ‘तो पोलीस नाही आई, तो फ्रेंड आहे.’ मुलाचं चुकलं नव्हतं, पण अर्धंच खरं होतं. ते पुढच्या उत्तरात.

६. मग मुलाने त्याच्याशी बोलावं की नाही?

रोजचं बोलणं खुशाल बोलावं. कुणी छळतंय, कुणी शस्त्राची भाषा करतंय, स्वतःचं बरंवाईट करून घेईन म्हणतंय, तर त्याला जरूर सांगावं. अशा कामाला चांगला एसआरओ सोन्यासारखा.

पण त्याच्या डोक्यावर तीन टोप्या आहेत आणि तो त्या बदलताना दिसत नाही. समुपदेशकाला सांगितलेलं बऱ्याच अंशी गुप्त राहतं. पोलिसाला सांगितलेलं गुप्त राहत नाही, मग तो कितीही गोड का असेना. ‘मी परवा त्या पोरांबरोबर होतो’ हे वाक्य कॅफेटेरियात बोललं तरी ते पोलिसासमोर बोललेलं असतं. म्हणून घरात एक साधा नियम करा: बोलणं इतरांच्या अडचणीबद्दल असेल तर बोल. ‘तू काय केलंस?’ असा प्रश्न आला, की नम्रपणे ‘मला आधी आईबाबांना फोन करायचा आहे’ एवढंच म्हण आणि गप्प बस.

७. पण आम्ही तर मुलांना शिकवलंय, खरं बोललं की काही होत नाही. चूक केली का?

संस्कार म्हणून चूक नाही. घरी, शिक्षकांसमोर खरंच बोलावं. पण हा प्रश्न येतो तेव्हा मला एक खटला आठवतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलमधला सातवीतला तेरा वर्षांचा मुलगा. शेजारच्या घरांत चोऱ्या झालेल्या. गणवेशातल्या पोलिसाने त्याला वर्गातून उठवून एका खोलीत नेलं. दार बंद. आत तपास करणारा पोलीस आणि शाळेचे अधिकारी. अर्धा-पाऊण तास विचारपूस. आजी त्याची पालक, तिला कुणी फोनही केला नाही. उपमुख्याध्यापकांनी समजावलं, की योग्य तेच कर, सत्य कधी ना कधी बाहेर येतंच. पोलिसाने बालकोठडीचा विषय काढला. मुलाने कबुली दिली. तू इथून उठून जाऊ शकतोस, हे त्याला सांगितलं गेलं ते कबुलीनंतर.

हा खटला जे.डी.बी. विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला. २०११ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की मूल पोलिसांच्या ‘ताब्यात’ (म्हणजे उठून जायची मोकळीक नसलेलं) होतं का हे ठरवताना त्याचं वय धरलंच पाहिजे. मोठा माणूस जिथून ‘येतो मी’ म्हणून उठेल, तिथून तेरा वर्षांचं पोर उठू शकत नाही. आपली मुलं तर मोठ्यांसमोर उभं राहून उत्तर देणारी, त्यांचं काय सांगावं! तेव्हा खरं बोलायला शिकवलंत ते बरंच केलंत. आता ‘आईबाबा आल्यावर बोलेन’ म्हणायलाही शिकवा. खोटं मात्र कधीच बोलू नये, त्याने वेगळाच गुंता होतो.

८. आम्हाला न कळवता पोलीस मुलाची चौकशी करू शकतात?

बऱ्याच राज्यांत, हो. ‘आईबाप हजर हवेतच’ असा देशभर एकच नियम नाही. न्यू जर्सीत २००० सालच्या निकालाप्रमाणे ताब्यातल्या चौकशीत पालक नसणं ही फार गंभीर बाब धरली जाते. चौदा वर्षांखालच्या मुलाची पालकांशिवाय घेतलेली कबुली तर चालतच नाही, पालक यायला तयार नसले किंवा खरोखर सापडत नसले तरच अपवाद. कॅलिफोर्नियात सतरा वर्षांपर्यंतच्या मुलाला ताब्यातल्या चौकशीआधी वकिलाशी बोलू द्यावंच लागतं. इथे कळीचा शब्द आहे ‘ताब्यातली’. मुख्याध्यापक विचारत असतील आणि पोलीस कोपऱ्यात नुसता उभा असेल, तर हे नियम लागू होतात की नाही यावरच वाद होतात. म्हणून सहाव्या उत्तरातला नियम कोण विचारतंय हे न बघता पाळावा.

९. दप्तर तपासायला परवानगी लागते का?

शाळेला नाही. या बाबतीतला देशातला सगळ्यात गाजलेला खटला आपल्या अंगणातला आहे. पिस्कॅटवे हायस्कूल, १९८०. एडिसनला लागून, जिथे आज प्रत्येक तिसऱ्या गल्लीत एक तरी मराठी घर सापडेल. चौदा वर्षांची मुलगी स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना सापडली. ‘मी ओढतच नाही’ म्हणाली. उपमुख्याध्यापकांनी पर्स उघडली: सिगारेटी, विडी वळायचे कागद, मग थोडा गांजा, आणि कुणाकडून किती पैसे यायचे त्याची यादी. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं, की शाळेला वॉरंट नको, ‘वाजवी संशय’ पुरे.

पोलिसाला रस्त्यावर याहून भक्कम कारण लागतं. मग शाळेतल्या पोलिसाचं काय? ते त्या निकालात उघडंच ठेवलं गेलं. बहुतेक न्यायालयं एसआरओ शाळेच्या सांगण्यावरून झडती घेत असेल तर सैल नियम लावतात. वॉशिंग्टन राज्याने मात्र २०१२ मध्ये पोलीस तो पोलीसच असं ठरवलं. झडतीलाही सीमा आहे: तेरा वर्षांच्या मुलीचे कपडे उतरवून डोकेदुखीच्या गोळ्या शोधल्या होत्या, ते २००९ मध्ये घटनाबाह्य ठरलं.

मुलाने हिसकाहिसकी करू नये. ‘माझी संमती नाही’ एवढं शांतपणे म्हणावं.

१०. आणि फोन?

पोलिसाला फोनच्या आत बघायला साधारणपणे वॉरंट लागतं, २०१४ पासून. पण मुलाने स्वतः पासकोड टाकून फोन हातात दिला, की ती संमती झाली.

११. मुलाकडे वेप (ई-सिगारेट) सापडलं. आता हे शाळेचं प्रकरण की पोलिसांचं?

बहुतेक वेळा शाळेचं. निलंबन, डिटेंशन (शाळा सुटल्यावर बसवून ठेवणं), समुपदेशन हे ठरवणं मुख्याध्यापकांचं काम, शिस्त लावणं एसआरओचं काम नव्हे. त्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षणातही हेच सांगतात. पण नुसतं निकोटिन आणि गांजाचं तेल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दोन्ही नळकांडी दिसायला सारखीच. न्यू जर्सीत मूल नशेत असल्याचा संशय आला, की शाळेला त्याची ताबडतोब वैद्यकीय तपासणी करून घ्यावीच लागते. तो फोन आला की पालकांना वाटतं अटक झाली. तसं नसतं. आधी डॉक्टर, मग बाकीचं.

शिस्त आणि गुन्हा यांतली रेघ पुसली गेली की काय होतं, याचं उदाहरण साउथ कॅरोलायना. तिथे ‘शाळेत गोंधळ घालणं’ हाच गुन्हा होता. २०१५ मध्ये एका पोलिसाने वर्गात मुलीला बाकासकट उलथवल्याचं चित्रण देशभर पाहिलं गेलं. २०१८ मध्ये कायदा बदलून शाळेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना त्यातून वगळलं.

१२. शिवजयंतीला मुलगा महाराजांच्या वेशात जाणार आहे. तलवार चालेल का?

धातूची नाही, प्लास्टिकचीही विचारल्याशिवाय नाही. आम्ही पुठ्ठ्याची भवानी केली होती, वर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. बसमधून नेली असती तर लांबून चकाकणारं पातंच दिसलं असतं. म्हणून आठवडाभर आधी शिक्षिका आणि ऑफिसर दोघांना फोटोसह ईमेल केला, सकाळी स्वतः नेऊन ऑफिसात दिली आणि कार्यक्रमाला तेवढी वर्गात गेली. ऑफिसरने ‘हे कोण राजे?’ विचारलं आणि चिरंजीवांनी अफझलखानाच्या वधाचा तपशील सुरू केला. मी घाईने वाघनखांचा विषय टाळायला लावला.

दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल मात्र कधीच नको. न्यू जर्सीत शाळेच्या आवारात लेखी परवानगीशिवाय नकली पिस्तूल नेणंही गुन्हा आहे. खऱ्या बंदुकीला तर १९९४ च्या केंद्रीय कायद्यानुसार किमान वर्षभर शाळेतून काढतात, फार तर प्रकरण पाहून शिक्षा सौम्य करता येते. फळं कापायची सुरी डब्याबरोबर देऊ नका. फोडी करूनच द्या.

१३. मुलाने ग्रुपवर गमतीत ‘उद्या तुला मारूनच टाकतो’ लिहिलं. एवढं काय त्यात?

मराठीत आपण दिवसातून दहादा कुणाला तरी मारून टाकतो. इंग्रजीत, शाळेच्या संदर्भात, लिहून, तेही ‘उद्या’ शब्दासकट आलं, की ती धमकी. २०२३ पासून न्यू जर्सीच्या शाळांत धोका पडताळणारी समिती असते आणि एसआरओ तिच्यात असू शकतो. मूल खरंच काही करणार आहे का, घरात शस्त्र आहे का, त्याला मदत हवी आहे का, हे ते बघतात. तिथे सहकार्य करा, पण मुलाच्या चौकशीबद्दल सातवं आणि आठवं उत्तर लागू आहेच. संदेश पुसू नका. पुरावा नष्ट केला असा अर्थ निघतो.

१४. आमचा मुलगा ऑटिस्टिक आहे, चिडला की ढकलतो. पोलीस बेड्या घालतील का?

ही भीती अनाठायी नाही. केंटकीत आठ वर्षांच्या मुलाचे हात मागे नेऊन दंडांना बेड्या घातल्या होत्या. ते घटनाबाह्य होतं असं केंद्रीय न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं. अपंगत्वाच्या कायद्याने शाळेला पोलीस बोलावण्याची मनाई नाही. मात्र दहा दिवसांहून जास्त काळ बाहेर ठेवायचं झालं, तर वागणं अपंगत्वातून आलं का याची बैठक घ्यावी लागते.

वाट बघत बसू नका. आयईपीच्या (अशा मुलासाठी शाळा करते त्या खास शिक्षण-आराखड्याच्या) बैठकीतच लिहून घ्या, की चिडल्यावर कोण जवळ जाणार, पोलीस कधी बोलवायचा आणि कधी नाही. वर्षाच्या सुरुवातीला ऑफिसरची आणि मुलाची ओळख करून द्या. कशाने भडकतो, कशाने शांत होतो, अर्ध्या पानात.

१५. आम्ही एच-४ (नोकरदाराच्या कुटुंबाच्या) व्हिसावर आहोत. मुलाच्या प्रकरणाचा व्हिसावर परिणाम होईल?

शाळेच्या निलंबनाचा नाही. बाल न्यायालयाचा निर्णय हाही इमिग्रेशनच्या नजरेत साधारणपणे दोषसिद्धी नसते. अडचण इथे आहे: व्हिसाच्या अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ असा प्रश्न असतो, नागरिकत्वाच्या अर्जातही असतो, आणि तिथे खरंच लिहावं लागतं. ड्रग्जची नुसती कबुलीही पुढे आडवी येऊ शकते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे ठीक, पण वकिलाची चढावी. फौजदारी वकील कशालाही ‘हो’ म्हणायला सांगण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. क्रम उलटला की निस्तरणं कठीण.

१६. पोलिसाने लिहून ठेवलेलं आम्हाला बघायला मिळतं का?

शाळेची कागदपत्रं बघायचा हक्क फर्पा या १९७४ च्या कायद्याने आहे. पोलिसांनी पोलिसी कामासाठी ठेवलेल्या नोंदी त्यात येत नाहीत, त्या राज्याच्या नियमांनी मागाव्या लागतात. एकाच भांडणाच्या दोन फायली दोन इमारतींत असू शकतात.

१७. ‘लॉकडाउन’चा मेसेज आला की धावत शाळेत जायचं का?

नाही. आधी शब्द नीट वाचा. ‘होल्ड’ म्हणजे वर्गातच थांबा, बहुधा कुणाला बरं नाही. ‘सिक्युअर’ म्हणजे धोका बाहेर आहे, दारं बंद, आत वर्ग चालू. ‘लॉकडाउन’ म्हणजे धोका आत. न्यू जर्सीत महिन्याला एक सुरक्षा सराव सक्तीचाच असतो, त्यामुळे बऱ्याचदा तो सरावच निघतो. खरं असेल तर तुमची गाडी रुग्णवाहिकेच्या वाटेत उभी राहते आणि लपलेल्या मुलाचा फोन तुमच्या कॉलने वाजतो.

१८. पोलीस असल्याने शाळा खरंच सुरक्षित होते का?

प्रामाणिक उत्तर: काही बाबतींत. अभ्यासांत दिसतं, की मारामाऱ्या थोड्या कमी होतात, गोळीबारावर परिणाम दिसत नाही, आणि निलंबनं व पोलिसांकडे जाणारी प्रकरणं वाढतात. त्याचा भार काळ्या मुलांवर जास्त पडतो. फ्लोरिडातल्या पार्कलंडमध्ये २०१८ साली शाळेतल्या गोळीबारात १७ जण मारले गेले तेव्हा शाळेचा ऑफिसर इमारतीबाहेर थांबून राहिला. त्याच्यावर खटला झाला, २०२३ मध्ये तो निर्दोष सुटला. टेक्ससमधल्या उवाल्डीत २०२२ मध्ये शाळांचं स्वतःचं पोलीस खातं होतं, ३७६ पोलीस जमले, तरी हल्लेखोरापर्यंत पोचायला ७७ मिनिटं गेली. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या.

२०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाची पोलिसाने हत्या केल्यानंतर मिनियापोलिस, डेन्व्हर वगैरे शहरांनी शाळांतून पोलीस काढले. डेन्व्हरने २०२३ मध्ये एका हायस्कुलातल्या गोळीबारानंतर परत बोलावले. मला विचाराल तर खरा फरक माणूस कोण आहे आणि शाळा-पोलीस करारात (विसावं उत्तर) काय लिहिलंय याने पडतो.

१९. आपल्याकडे महाराष्ट्रात असं काही आहे का?

शाळेत कायम बसणारा सशस्त्र पोलीस नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो. मुलांशी वागताना शक्यतो साधे कपडे, बेड्या नाहीत, कोठडी नाही. बेड्यांपुरतं तरी आपलं पुस्तक इथल्यापेक्षा स्पष्ट आहे. पुस्तकाबाहेरचं तुम्हीच जाणा.

२०. ऑफिसरची तक्रार करायची असेल तर कुणाकडे?

दोन्हीकडे, लेखी. मुख्याध्यापक आणि स्कूल डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडेंटना (परिसरातल्या सरकारी शाळांच्या प्रमुखांना) एक पत्र, पोलीस खात्याच्या अंतर्गत चौकशी विभागाला दुसरं. एकीकडेच दिलंत तर ते दुसरीकडे बोट दाखवतात (दुसऱ्या उत्तरातले मुख्याध्यापक आणि ठाण्यातला साहेब आठवा). आमच्या ओळखीच्या एका घराचे तीन आठवडे यातच गेले.

शाळा आणि पोलीस यांच्यातला करारही मागून घ्या. न्यू जर्सीत तो दरवर्षी नव्याने सही होतो. पोलिसाला काय कळवायचं आणि काय शाळेनेच निस्तरायचं, ते त्यात असतं. बॉडीकॅमच्या (पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याच्या) चित्रणावर फार भिस्त ठेवू नका. इथे शाळेत तो एरवी बंद ठेवतात, गुन्ह्याचा तपास, आणीबाणी किंवा बळ वापरायची वेळ आली तरच चालू करतात. चित्रण असलंच तर किमान १८० दिवस ठेवावं लागतं, तक्रार नोंदली गेली तर तीन वर्षं. म्हणून चर्चा नंतर करा, तारीख घातलेलं पत्र आधी द्या.